एक कळफलक, अनेक लिप्या : शाळेतील हलक्या संगणकावर मराठीची कायमची सोय

शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव एकदा जसे लिहिले जाते तसेच ते दाखल्यावर उतरते. आणि दाखल्यावरून ते पुढील शाळेत, पुढील परीक्षेत आणि पुढे नोकरीच्या कागदपत्रांत जन्मभर त्याच्या मागे जाते. ‘काळे’ हे आडनाव रोमन अक्षरांत लिहून मग यंत्राकडून मराठीत करून घेतले, की त्याचे ‘काले’ होण्याचा संभव असतो. माळ्यांचे माली होतात, बाळूचा बालू होतो. रोमन लिपीच्या नित्याच्या लेखनात ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड यांना निरनिराळी अक्षरे नाहीत. जो भेद मूळ लेखनातच उरला नाही, तो यंत्राने पुन्हा आणावा कोठून? ते अंदाज बांधते, आणि अंदाज चुकला म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती करून घेण्यासाठी पालकाला रोजगार बुडवून कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

ही चूक टाळण्याचा सरळ उपाय म्हणजे मराठी मजकूर मराठी अक्षरांतच टंकित करणे. त्यासाठी नवा संगणक नको, निराळा कळफलक नको, विकत घ्यावयाची कोणतीही प्रणाली नको. शाळेत जो जुना संगणक असेल त्यावर इंग्रजीबरोबर मराठीची आणि गरज असल्यास आणखी एखाद्या भाषेची कळफलक-मांडणी बसविणे एवढेच काम आहे. ते एकदा नीट केले म्हणजे अर्ध्या तासाचे आहे. ते का आणि कसे करावे, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. कळ आणि अक्षर यांचे नाते

टंकलेखन यंत्राच्या काळात कळ आणि अक्षर यांची गाठ लोखंडाची होती. कळ दाबली की तिच्याशी जोडलेला दांडा उठे आणि त्याच्या टोकावर कोरलेले अक्षर कागदावर उमटे. इंग्रजी यंत्रावर मराठी लिहिणे शक्यच नव्हते. त्यासाठी दुसरे यंत्र घ्यावे लागे. संगणक आला तरी मनातील ही समजूत गेलेली नाही. कळेवर रोमन अक्षर छापलेले दिसते, म्हणून संगणक मुळात इंग्रजीचा आणि मराठी त्यावरील पाहुणी, असे मुलांना वाटते. पुष्कळ मोठ्यांनाही वाटते.

वस्तुस्थिती निराळी आहे. संगणकाची कळ अक्षर पाठवीत नाही. ती केवळ एक क्रमांक पाठविते. लिनक्स प्रणालीत ‘के’ छापलेली कळ दाबली की ३७ हा क्रमांक निघतो. पडद्यावरील खिडक्या सांभाळणारी ‘एक्स’ ही व्यवस्था त्यात ८ मिळवून तो ४५ असा मोजते. येथपर्यंत कोणत्याही भाषेचा संबंध आलेला नसतो. यानंतर ‘मांडणी’ नावाचा एक तक्ता उघडला जातो आणि ४५ या क्रमांकापुढे काय लिहिले आहे ते पाहिले जाते. तक्ता इंग्रजीचा असेल तर रोमन ‘के’ उमटतो. देवनागरीचा असेल तर ‘क’ उमटतो. कन्नडचा असेल तर कन्नड लिपीतील ‘क’ उमटतो. कळ तीच, बोट तेच, क्रमांक तोच. बदलला तो फक्त तक्ता. कळेवर छापलेले अक्षर ही केवळ एक खूण आहे. यंत्राला ती दिसतही नाही.

हा एक मुद्दा मुलांना समजला म्हणजे पुढचे सर्व सोपे होते. संगणक कोणत्याही एका भाषेचा नाही. ज्या भाषेचा तक्ता त्याला द्यावा, ती भाषा तो लिहितो.

२. हलका डेस्कटॉप

संगणक सुरू केल्यावर जो पडदा दिसतो, ज्यावर खिडक्या उघडतात आणि ज्याच्या कडेला कार्यक्रमांची पट्टी असते, त्या साऱ्या व्यवस्थेला डेस्कटॉप म्हणतात. आधुनिक डेस्कटॉप दिसायला देखणे असतात, परंतु ते बरीच स्मृती खातात. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक त्यांच्या ओझ्याखाली रांगू लागतो. अशा यंत्रांसाठी लिनक्सवर हलके डेस्कटॉप उपलब्ध आहेत. ‘एक्सएफसीई’ १९९६ पासून, ‘एलएक्सडीई’ २००६ पासून आणि त्याच परंपरेतील ‘एलएक्सक्यूटी’ २०१४ पासून चालत आला आहे. तिन्ही विनामूल्य आहेत आणि बेताच्या स्मृतीवर समाधानाने चालतात.

अनेक मांडण्यांची सोय या हलक्या डेस्कटॉपांत निराळी आणून बसवावी लागत नाही. एक्स व्यवस्थेच्या ज्या भागात वर सांगितलेले तक्ते असतात, त्याला ‘एक्सकेबी’ म्हणतात. तो आधीपासूनच यंत्रात असतो. मांडणी बदलली म्हणजे फक्त तक्ता बदलतो, नवा कार्यक्रम चालू होत नाही. म्हणून जुन्या यंत्रावर तसूभरही भार पडत नाही. उच्चारावरून रोमनचे मराठी करून देणारे कार्यक्रम असतात, पण ते सतत चालू राहतात, स्मृती घेतात, आणि आरंभी सांगितलेला अंदाजाचा धोका बरोबर आणतात.

३. कोणत्या मांडण्या घ्याव्यात

मराठीसाठी शाळेने ‘इन्स्क्रिप्ट’ ही मांडणी स्वीकारावी. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली प्रमाणित केली, १९८८ साली तीत सुधारणा झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस १३१९४’ या मानकात तिचा समावेश झाला.

या मांडणीची रचना मुळाक्षरांच्या तक्त्यासारखी आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे. अल्पप्राण व्यंजन साध्या कळेवर, आणि त्याचे महाप्राण रूप शिफ्ट दाबून त्याच कळेवर. ‘के’च्या कळेवर क आणि शिफ्टसह ख, ‘आय’च्या कळेवर ग आणि घ, ‘पी’च्या कळेवर ज आणि झ, ‘एल’च्या कळेवर त आणि थ, ‘ओ’च्या कळेवर द आणि ध, ‘एच’च्या कळेवर प आणि फ, ‘वाय’च्या कळेवर ब आणि भ. मात्रा आणि तिचा स्वर यांचेही तसेच आहे : ‘ई’च्या कळेवर काना, शिफ्टसह आ, ‘एफ’वर पहिली वेलांटी, शिफ्टसह इ. ज्या मुलाला कखगघ येते, त्याला निम्मा कळफलक आधीच येतो. ल ‘एन’च्या कळेवर आहे आणि ळ शिफ्टसह त्याच कळेवर, न ‘व्ही’वर आहे, तर ण शिफ्टसह ‘सी’वर. काळे, माळी आणि बाळू यांची अडचण येथे उद्भवतच नाही.

इन्स्क्रिप्टचा दुसरा गुण सीमाभागातील शाळांच्या विशेष उपयोगाचा आहे. सांगली जिल्ह्यातील जत आणि सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट या तालुक्यांत मराठी शाळांबरोबर जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तेथे एकाच संगणकावर इंग्रजी, मराठी व कन्नड अशा तीन मांडण्या लागतात. देवनागरीत जेथे क आहे तेथेच कन्नडमध्येही क आहे. जेथे प आहे तेथेच प आहे. कन्नडमधील ऱ्हस्व ए व ऱ्हस्व ओ यांसारखी, मराठीत नसलेली अक्षरे तेवढी नव्याने शिकावी लागतात. म्हणजे मराठीत बोटे बसलेल्या मुलाला शेजारच्या भाषेचा कळफलक जवळजवळ फुकट मिळतो.

मांडण्यांच्या यादीत मराठीच्या नावापुढे ‘कगप’ अशीही एक मांडणी दिसते. ती उच्चारानुसारी आहे आणि तिचे नाव कन्नड गणक परिषदेच्या आद्याक्षरांवरून आले आहे. ज्यांची बोटे इंग्रजी कळफलकावर पक्की बसली आहेत अशा कारकुनांना ती सोयीची वाटेल. मात्र एका शाळेत एकच मराठी मांडणी ठेवावी. मुलांपुढे आज एक आणि उद्या दुसरी असे झाले, तर बोटांना वळण लागत नाही.

एक्सकेबीमध्ये एका वेळी जास्तीत जास्त चार मांडण्या ठेवता येतात. चार ठेवता येतात म्हणून चारही ठेवाव्यात असे नाही. दोन असाव्यात, गरज असेल तेथे तीन. न लागणारी मांडणी यादीत असली की कळ दाबताना ती मध्येच आडवी येते.

४. मांडणी बसविण्याची रीत

प्रथम देवनागरी टंक यंत्रात आहे की नाही ते पाहावे. टंक नसेल तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात आणि शिक्षकाला वाटते की मांडणीच चुकली. ‘लोहित देवनागरी’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे टंक विनामूल्य आहेत. त्यांपैकी एक बसवावा. कन्नड हवी असल्यास तिचाही टंक बसवावा.

एक्सएफसीईमध्ये सेटिंग्ज मॅनेजर उघडून ‘कीबोर्ड’ निवडावे आणि त्यातील ‘लेआउट’ या पानावर जावे. तेथे ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ असा पर्याय असतो. तो चालू असेपर्यंत खालची यादी हाताळता येत नाही. म्हणून तो आधी बंद करावा. नंतर ‘ॲड’ दाबून ‘इंडियन’ या नावाखालील उपयादी उघडावी आणि मराठी किंवा देवनागरी इन्स्क्रिप्ट मांडणी निवडावी.

एलएक्सडीईमध्ये खालच्या पट्टीवर उजवी कळ दाबून ‘ॲड/रिमूव्ह पॅनेल आयटेम्स’ निवडावे आणि ‘कीबोर्ड लेआउट हँडलर’ हा घटक पट्टीवर आणावा. त्याच्या मांडणीखिडकीत ‘कीप सिस्टिम लेआउट्स’ हा पर्याय बंद करून मांडण्या जोडाव्यात. एलएक्सक्यूटीमध्ये हेच काम ‘कीबोर्ड अँड माउस’ या सेटिंगमधील ‘कीबोर्ड लेआउट’ पानावर होते.

यादीत इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी ठेवावी. इंग्रजी कधीही काढून टाकू नये. यामागे मराठीचा कमीपणा नाही, यंत्राची सोय आहे. नक्कल करणे, चिकटविणे, जतन करणे यांसाठी कंट्रोलबरोबर जी अक्षरे दाबावयाची, ती कार्यक्रमांना रोमन रूपात अपेक्षित असतात. यादीत केवळ देवनागरी असेल तर हे संकेत निकामी होऊ शकतात; इंग्रजी पहिली असेल तर मराठी चालू असतानाही ते सामान्यतः काम करतात. शिवाय प्रवेशाचा सांकेतिक शब्दही बहुधा रोमन अक्षरांतच असतो.

५. बदलाची कळ आणि दिसणारी खूण

एका मांडणीतून दुसरीत जाण्यासाठी कळांची एक जोडी ठरवावी लागते. तिन्ही डेस्कटॉपांत मांडण्यांच्या यादीजवळच त्याचा पर्याय असतो. खिडकीचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस ही जोडी मुलांना सोपी जाते आणि सहसा दुसऱ्या कशाच्या आड येत नाही. जुन्या कळफलकावर खिडकीची कळ नसेल तर ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी घ्यावी. परंतु तिचा काही कार्यक्रमांतील इतर संकेतांशी गोंधळ होतो हे ध्यानात असावे. तालुक्यातील सर्व शाळांनी एकच जोडी ठेवली, तर बदली होऊन आलेल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी चाचपडावे लागणार नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे चालू मांडणी डोळ्यांना दिसली पाहिजे. एक्सएफसीईच्या पट्टीवर ‘कीबोर्ड लेआउट्स’, एलएक्सक्यूटीच्या पट्टीवर कळफलकाची स्थिती दाखविणारा घटक, आणि एलएक्सडीईमध्ये वर सांगितलेला हँडलर अवश्य ठेवावा. तेथे भाषेची संक्षिप्त खूण किंवा ध्वज दिसतो. मांडणी कोणती आहे हे लिहून पाहिल्यावर नव्हे, लिहिण्यापूर्वी कळले पाहिजे. एक्सएफसीईच्या घटकात मांडणी सर्व खिडक्यांना एकच असावी की प्रत्येक खिडकीला निराळी, असाही पर्याय आहे. वर्गासाठी ‘सर्वांना एकच’ हा पर्याय घ्यावा. अन्यथा खिडकी बदलताच भाषाही बदलते आणि मूल गोंधळते.

६. सोय कायम कशी राहील

पुष्कळ शाळांत मराठी बसविली जाते आणि संगणक बंद करून सुरू केला की नाहीशी होते. याचे कारण बहुधा असे असते, की मांडणी टर्मिनलमधील आज्ञेने बसविलेली असते. या आज्ञेचे नाव सेटएक्सकेबीमॅप. ती रोमन लहान अक्षरांत अशी लिहितात : प्रथम आज्ञेचे नाव, जागा सोडून, उणे चिन्हाला जोडून ‘लेआउट’, पुन्हा जागा सोडून ‘यूएस’ आणि ‘आयएन’ ही नावे, त्यांच्यामध्ये स्वल्पविराम, पण जागा नाही, मग जागा सोडून, उणे चिन्हाला जोडून ‘ऑप्शन’, पुन्हा जागा सोडून ‘जीआरपी’, त्याला लागून अपूर्णविराम, आणि पुढे ‘विन’, ‘स्पेस’, ‘टॉगल’ हे शब्द अधोरेषेने जोडून. एवढ्याने इंग्रजी आणि देवनागरी या दोन मांडण्या व बदलाची जोडी तत्काळ लागू होते. परंतु हा परिणाम त्या बैठकीपुरताच असतो. ही आज्ञा चाचणीसाठी उत्तम, कायम व्यवस्थेसाठी अपुरी.

एलएक्सडीईमध्ये ही आज्ञा दर वेळी आपोआप चालावी असे वाटल्यास ती ‘ऑटोस्टार्ट’ या फाइलमध्ये लिहितात. ही फाइल वापरकर्त्याच्या घर-फोल्डरातील ‘कॉन्फिग’ या लपविलेल्या फोल्डरात, ‘एलएक्ससेशन’खाली असते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वापरकर्त्याची स्वतःची ऑटोस्टार्ट फाइल तयार झाली की यंत्राची मूळ फाइल वाचली जात नाही. म्हणून नव्या फाइलमध्ये आपली एकच ओळ लिहिली तर पुढच्या वेळी खालची पट्टीच दिसेनाशी होते, आणि शिक्षक घाबरून जातो. यासाठी मूळ फाइलची संपूर्ण नक्कल घ्यावी आणि तिच्या अखेरीस आपली ओळ जोडावी.

संगणक वापरणाऱ्या सर्वांनाच मराठी मिळावी असे असेल, तर डेबियन व तिच्यावर आधारलेल्या प्रणालींत ही नोंद ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘डिफॉल्ट’ या उपफोल्डराच्या ‘कीबोर्ड’ नावाच्या फाइलमध्ये करतात. तेथे मांडणी, उपप्रकार व बदलाची जोडी यांच्यासाठी स्वतंत्र ओळी असतात. ही नोंद प्रवेशाच्या पडद्यालाही लागू होते. म्हणून तेथे इंग्रजी पहिली ठेवण्याचे पथ्य विशेष पाळावे.

काही नव्या प्रणालींत ‘एक्स’ऐवजी ‘वेलँड’ ही व्यवस्था आली आहे. तेथे सेटएक्सकेबीमॅपचा उपयोग होत नाही. मांडणी त्या डेस्कटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच ठरवावी लागते. तक्ते मात्र तेच असल्यामुळे मुलांनी शिकलेले काही वाया जात नाही.

७. नेहमी येणाऱ्या अडचणी

सांकेतिक शब्द बरोबर असूनही यंत्र नाकारते, ही तक्रार सर्वांत अधिक आढळते. तेथे अक्षरांऐवजी ठिपके दिसत असल्याने मराठी चालू राहिली आहे हे कळत नाही. बदलाची जोडी एकदा दाबून पुन्हा प्रयत्न करावा. यंत्र बिघडले असे लगेच समजू नये.

बदलाच्या दोन जोड्या एकाच वेळी चालतात, असाही अनुभव येतो. सेटएक्सकेबीमॅपला नवा ‘ऑप्शन’ दिला तरी जुना पुसला जात नाही, नवा त्यात मिळविला जातो. ‘ऑप्शन’पुढे काहीही न लिहिता आज्ञा एकदा चालवावी, म्हणजे जुने पुसले जातात, मग हवा तो द्यावा.

मराठी लिहिलेली फाइल दुसऱ्या संगणकावर नेली असता निरर्थक रोमन चिन्हे दिसली, तर दोष मांडणीचा नसून टंकाचा असतो. जुन्या पद्धतीच्या टंकांत रोमन अक्षरांनाच देवनागरीचे रूप चढविलेले असते. टंक काढला की सोंग उतरते. इन्स्क्रिप्टने युनिकोडमध्ये लिहिलेल्या ‘क’चा क्रमांक ०९१५ असतो आणि तो जगातील प्रत्येक संगणकावर तोच राहतो. म्हणून तो कोठेही वाचता येतो, आणि दहा वर्षांनंतर रजिस्टरात एखादे नाव शोधावयाचे झाल्यास ते सापडते.

देवनागरी मांडणीत अंक देवनागरी उमटतात की इंग्रजी, हे निवडलेल्या उपप्रकारावर अवलंबून असते. रजिस्टराचे काम आरंभण्यापूर्वी एकदा एक ते दहा लिहून ते पाहून घ्यावे.

८. वर्गातील पाठ

मांडणी बसली म्हणजे अर्धेच काम झाले. ती मुलांच्या बोटांत उतरली पाहिजे. कळांवर चिकटपट्ट्या लावण्याचा मोह टाळावा. त्या महिन्याभरात झिजतात आणि मुलाची नजर कळांवर खिळवून ठेवतात. त्याऐवजी मुलांकडूनच कळफलकाचा मोठा तक्ता रंगवून घ्यावा आणि तो भिंतीवर लावावा. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बोटाला लागणारा उंचवटा असतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्या जागी पहिली वेलांटी आणि र येतात. तेथून बोटे मोजण्यास शिकवावे.

पहिल्या तासाला साधी व्यंजने आणि काना घ्यावा. ‘कमळ’, ‘शाळा’ असे शब्द द्यावेत. दुसऱ्या तासाला वेलांट्या आणि उकार घ्यावेत. येथे टंकलेखन यंत्र शिकलेल्या शिक्षकाने स्वतःला सावरावे लागते. त्या यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उमटवीत, कारण ती कागदावर आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये आधी व्यंजन आणि मग वेलांटी. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. उच्चार ज्या क्रमाने होतो त्याच क्रमाने कळा दाबावयाच्या, हा नियम मुलांना सहज पटतो. त्यांच्या मनात यंत्राची जुनी सवय नसते.

तिसऱ्या तासाला जोडाक्षरे. हलन्त ‘डी’च्या कळेवर आहे. दोन व्यंजनांच्या मध्ये तो दाबला की जोडाक्षर बनते. क, हलन्त, ष मिळून क्ष. ज, हलन्त, ञ मिळून ज्ञ. रफारही उच्चाराच्या क्रमानेच येतो : ‘वर्ग’ म्हणजे व, र, हलन्त, ग. ज्या शिक्षकाला जोडाक्षराची फोड फळ्यावर समजावून सांगता सांगता थकवा येतो, त्याला येथे अनपेक्षित साहाय्य मिळेल. मूल जोडाक्षर टंकित करते तेव्हा त्याची फोड ते स्वतःच करीत असते.

शेवटी मराठीचा एक खास बारकावा घ्यावा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यात रफार आहे. दुसऱ्यात र आडव्या वळणाने य ला जोडला आहे. पहिल्यासाठी ‘जे’ची साधी कळ, हलन्त आणि य, दुसऱ्यासाठी शिफ्टसह ‘जे’, हलन्त आणि य. ‘कुऱ्हाड’, ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ हे शब्दही असेच. शालेय पोषण आहाराची सूचना आचाऱ्यांना द्यावयाची असता कागदावर ती आचार्यांना गेली, तर मुले हसतील. परंतु हसता हसता हा भेद ती जन्मात विसरणार नाहीत.

पाठाची अखेर प्रत्येक मुलाने स्वतःचे संपूर्ण नाव लिहून करावी : स्वतःचे, वडिलांचे, आईचे आणि आडनाव. मग ते नाव जनरल रजिस्टरातील नोंदीशी ताडून पाहावे. ज्या शाळेत हा पाठ होईल तेथे एखादी जुनी चूक उघडकीस येण्याचा संभव आहे, आणि मूल शाळेत आहे तोपर्यंत ती उघडकीस येणे सर्वांच्याच हिताचे आहे. अशी चूक आढळल्यास मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून दुरुस्तीची रीतसर कार्यवाही त्याच वर्षी पूर्ण करावी. दाखला हाती पडेपर्यंत थांबू नये.

शाळेतील संगणकावर मराठीची सोय आहे का, असे विचारले असता ‘आहे, पण लावावी लागते’ असे उत्तर येऊ नये. संगणक सुरू होताच ती पट्टीवर दिसावी, एका जोडीने ती मिळावी आणि संगणक बंद केल्यावरही ती टिकावी, इतकीच अपेक्षा आहे. मग पहिलीतले पोर कळफलकासमोर बसेल तेव्हा त्याला तेथे आपले अक्षर सापडेल, आणि बाळू बाळूच राहील.